बिऱ्हाड कोठे थाटावयाचे?

मांजरीची मुलगी लग्न होऊन हडपसरास नांदावयास गेली, किंवा हडपसरचा जावई काही कारणाने मांजरीस सासऱ्याच्या घरी येऊन राहिला, तर त्यासाठी कोणत्याही कचेरीत अर्ज द्यावा लागत नाही. सून कशी आहे हे सासू पाहील, घरजावयाविषयी आळीत चार बायका कुजबुजतील. परंतु ‘तुमचे लग्न आम्हांस मान्य आहे, पण तुम्ही दोघांनी एका छपराखाली राहावयाचे नाही’ असे बजावणारा अंमलदार गावात नसतो. हे स्वातंत्र्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की ते स्वातंत्र्य आहे याची जाणीवही आपणांस उरलेली नाही. मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. गावाची वेस पुसली गेली, तरी कोणाच्या संसाराला त्याने बाधा आली नाही. परंतु जी वेस राष्ट्राराष्ट्रांच्या दरम्यान असते, ती ओलांडताना संसाराची तपासणी होते, आणि ती तपासणी कधी कधी फार कठोर असते.

पुण्यातील अनेक घरांतील मुलेमुली आज परदेशी आहेत. त्यांपैकी कित्येकांची लग्ने झाल्यावर पतीला किंवा पत्नीला जवळ आणण्याचा अर्ज करावा लागतो. अर्ज मंजूर झाला तर ती एक सामान्य बाब ठरते. नामंजूर झाला, आणि त्याच सुमारास घरात पाळणा हलण्याची चाहूल लागली, तर त्या कागदाचे वजन काय असते हे त्या घरालाच ठाऊक. अशा नकाराविरुद्ध झगडलेल्या काही स्त्रियांचा इतिहास आज मी आपणांपुढे मांडणार आहे. यातील मुख्य खटल्याचा एक धागा आपल्या शेजारच्या दमणपर्यंत येऊन पोहोचतो. आणि या प्रश्नाची पहिली मोठी लढाई जेथे झाली, तिचा एक धागा थेट पुण्यापर्यंत.

प्रथम ती पहिली लढाई पाहू. १९१२ च्या ऑक्टोबरात नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेस गेले आणि तेथील हिंदी लोकांची स्थिती त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. त्यांचा दौरा आटोपून चार महिने झाले असतील नसतील, तोच केप प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयातून एक निकाल बाहेर पडला. हसन इसप नावाच्या हिंदी रहिवाशाची पत्नी बाई मरियम हिला उतरू देण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला होता. नवऱ्याने दाद मागितली. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती माल्कम सर्ल यांनी असा निर्णय दिला की, ज्या धर्मात पुरुषास एकाहून अधिक बायका करण्याची मुभा आहे, त्या धर्माच्या विधीने झालेला विवाह तेथील कायद्याच्या दृष्टीने विवाहच नव्हे. बाई मरियम ही हसनची एकुलती एक पत्नी होती. पण प्रश्न तिचा एकटीचा राहिला नाही. एका निकालाने तेथील हजारो हिंदू, मुसलमान व पारशी स्त्रिया कायद्याच्या नजरेत धर्मपत्नी राहिल्या नाहीत, आणि त्यांची मुले औरस राहिली नाहीत.

या निकालाचा जो परिणाम झाला तो न्यायमूर्तींच्या स्वप्नातही नसेल. तोपर्यंत गांधीजींनी सत्याग्रहात स्त्रियांना घेतले नव्हते. आता स्त्रिया स्वतः पुढे आल्या. १९१३ च्या सप्टेंबरात फिनिक्स आश्रमातून सोळा जणांची तुकडी निघाली, तिच्यात कस्तुरबा होत्या. सरहद्द ओलांडल्याबद्दल त्यांस तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. टॉलस्टॉय फार्मवरून निघालेल्या तमिळ स्त्रियांपैकी काहींच्या कडेवर तान्ही मुले होती. तुरुंगातील हालांनी खंगलेली वल्लिअम्मा ही कोवळी मुलगी सुटकेनंतर १९१४ च्या फेब्रुवारीत मरण पावली. इकडे गोखल्यांची प्रकृती खालावली होती. तरीही त्यांनी हिंदुस्थानभर निधी गोळा केला आणि अँड्र्यूज व पिअर्सन यांस आफ्रिकेस पाठविले. अखेर १९१४ च्या इंडियन रिलीफ ॲक्टने एका पत्नीच्या विवाहास मान्यता दिली आणि तिला व तिच्या अज्ञान मुलांना प्रवेशाचा मार्ग मोकळा करून दिला.

या लढ्याचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. सरकारला येणारी माणसे कमी करावयाची होती. ते उघड बोलून दाखविणे अडचणीचे, म्हणून बोट ठेविले ते विवाहावर. माणसाला अडविण्यापेक्षा त्याचे लग्न अडविणे सोपे असते. विवाहाची कसोटी जितकी बारीक करावी, तितकी आत येणारांची संख्या घटते. पुढे साठ-सत्तर वर्षांनी ब्रिटनमध्ये हेच घडले. फरक इतकाच की आफ्रिकेत पत्नीला अडविले, आणि ब्रिटनमध्ये पतीला.

ब्रिटनमधील नियमांची हकीकत थोडक्यात अशी. ब्रिटिशांच्या पूर्व आफ्रिकेतील वसाहती स्वतंत्र झाल्या, तेव्हा तेथे दोन-दोन, तीन-तीन पिढ्या स्थायिक झालेल्या हिंदी लोकांची स्थिती त्रिशंकूसारखी झाली. पुष्कळांजवळ ब्रिटिश पारपत्र होते. केनियातून ते ब्रिटनकडे निघाले, तेव्हा तेथील पार्लमेंटने काही दिवसांतच एक कायदा पास केला, आणि तो १ मार्च १९६८ रोजी अमलात आला. पारपत्र ब्रिटिश असले तरी ज्याचा स्वतःचा, आईबापांचा किंवा आजाआजीचा ब्रिटनशी जन्माचा वा तत्सम संबंध नाही त्याला मुक्तद्वार नाही, असे त्या कायद्याने ठरविले. नागरिकत्वात अशी प्रतवारी शिरली ती पुढे निघालीच नाही.

त्यानंतर लक्ष गेले ते विवाहाकडे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या पुरुषाने परदेशातून बायको आणली तर तिला येऊ द्यावयाचे, परंतु स्थायिक स्त्रीने परदेशातून नवरा आणला तर त्याला सहसा येऊ द्यावयाचे नाही, असा नियम १९६९ साली झाला. स्त्रियांनी त्याविरुद्ध चळवळ केली आणि १९७४ साली तो शिथिल झाला. १९७७ साली तो पुन्हा थोडा आवळला गेला. आणि १९७९ साली श्रीमती थॅचर यांचा पक्ष अधिकारावर आल्यावर १ मार्च १९८० पासून नवा नियम आला. त्याप्रमाणे नवऱ्याला राहावयाची परवानगी हवी असेल, तर पत्नी नुसती स्थायिक असून भागणार नव्हते. ती ब्रिटिश नागरिक असली पाहिजे, आणि शिवाय ती स्वतः किंवा तिच्या आईबापांपैकी एकजण ब्रिटनमध्ये जन्मलेला असला पाहिजे. पुरुषाला अशी अट नव्हती. स्थायिक पुरुष कोठेही जन्मलेला असो, त्याची बायको त्याच्या घरी येऊ शकत होती.

याच काळात हिंदी स्त्रियांच्या वाट्यास काय येत होते, त्याचे एक उदाहरण सांगितलेच पाहिजे. १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक हिंदी शिक्षिका उतरली. तिचे लग्न ब्रिटनमध्ये व्हावयाचे होते. वाग्दत्त वधूस त्या वेळी आगाऊ परवाना लागत नसे, पत्नीस लागत असे. ही बाई खरोखर अविवाहित आहे की नाही याची खात्री करण्यासाठी तिची कौमार्यपरीक्षा करण्यात आली. वृत्तपत्रांत ही बातमी येताच हिंदुस्थानात संतापाची लाट उसळली. भारत सरकारने निषेध नोंदविला आणि ती प्रथा बंद करण्यात आली. दिल्ली व मुंबई येथील ब्रिटिश कचेऱ्यांतही अशा तपासण्या झाल्या होत्या, हे पुढे सरकारी कागदपत्रांवरून उघड झाले. स्त्रीच्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा नाही, तिच्या देहाला साक्षीस बोलवावयाचे, ही त्या व्यवहारामागची वृत्ती होती.

आता मुख्य खटल्याकडे येऊ. श्रीमती अब्दुलअझीझ या हिंदी वंशाच्या. त्यांचा जन्म १९४८ साली न्यासालँडमध्ये, म्हणजे आजच्या मलावी देशात झाला. त्यांचे आईबापही तेथेच जन्मलेले. मलावी १९६४ साली स्वतंत्र झाला. जन्मतः मिळालेले त्या देशाचे नागरिकत्व आपण हिंदी वंशाच्या म्हणून पुढे काढून घेण्यात आले, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हापासून त्या कोणत्याच देशाच्या नागरिक नव्हत्या. १९७७ च्या डिसेंबरात त्या ब्रिटनमध्ये आल्या आणि १९७९ च्या मे महिन्यात त्यांस तेथे कायम राहण्याची परवानगी मिळाली.

त्यांचे पती जन्मले ते दमणमध्ये, १९५१ साली. दमण हे काही आपणांस परके नाव नाही. १५५९ पासून ते पोर्तुगीजांकडे होते. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला, तरी दमण त्यांच्याच हाती राहिले. ते सुटले १९६१ च्या डिसेंबरात, आणि त्या कामगिरीवर मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. दमण भारतात आले, तरी त्यापूर्वी तेथे जन्मलेल्या माणसास पोर्तुगालचे नागरिक होण्याची वाट पोर्तुगीज कायद्याने खुली राहिली. गोवा, दमण व दीव येथील पुष्कळ कुटुंबांनी ती वाट धरली. या गृहस्थांनीही १९७८ साली पोर्तुगाल गाठले, आणि १९७९ च्या ऑक्टोबरात ते पाहुणे म्हणून ब्रिटनमध्ये आले. तेथे दोघांची गाठ पडली, आणि ८ डिसेंबर १९७९ रोजी त्यांचा विवाह झाला.

येथे तारखांकडे लक्ष द्यावे. विवाह डिसेंबरात झाला. नवा नियम अमलात आला १ मार्चला. आणि नवऱ्यास कायम राहू द्यावे असा अर्ज, स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेमार्फत, गेला तो ६ जून १९८० रोजी. १ जुलैला गृहखात्याने तो नामंजूर केला. कारण एका ओळीचे: पत्नी ब्रिटनमध्ये जन्मलेली नागरिक नाही, तिचे आईबापही तेथे जन्मलेले नाहीत. लग्न खोटे आहे असे कोणी म्हटले नाही. नवऱ्याचे वर्तन वाईट आहे असेही कोणी म्हटले नाही. पुढे अपिलाच्या अधिकाऱ्याने स्वतःच नमूद केले की, हाच अर्ज १ मार्चपूर्वी आला असता तर जुन्या नियमाप्रमाणे तो जवळजवळ हक्काने मंजूर झाला असता. तीन महिन्यांच्या उशिराने एका संसाराचे नशीब फिरले.

अपील ६ ऑक्टोबर १९८१ रोजी फेटाळले गेले. नियमाच्या अक्षराबाहेर जाण्याचा अधिकार अपील अधिकाऱ्यास नव्हता. वरच्या न्यायाधिकरणाकडे जाण्याची परवानगी ९ डिसेंबरला नाकारली गेली. पार्लमेंट सभासदामार्फत रदबदली झाली, १९८२ च्या फेब्रुवारीत तीही व्यर्थ गेली. गृहखात्याचे उत्तर असे की, पतिपत्नींस पोर्तुगालमध्ये एकत्र राहता येईल. अपवाद करावा असे यात काही नाही.

त्याच वर्षी, १९८२ च्या ऑक्टोबरात, या दांपत्याला मूल झाले. म्हणजे रदबदलीस नकार आला त्या सुमारापासून पुढील सारे महिने या बाईने पोटात मूल वागवीत काढले, आणि नवरा मात्र परवान्यावाचून त्या देशात राहिला होता. कोणत्याही दिवशी त्यास निघून जा म्हणून हुकूम येऊ शकत होता. नवऱ्याच्या वास्तव्याच्या या विवंचनेने आपली प्रकृती ढासळली असे त्यांनी पुढे न्यायालयास सांगितले. पोर्तुगालात आपले कोणी नाही, तेथील भाषा येत नाही, असेही सांगितले. अर्जाच्या वेळी त्यांचे आजारी वडील हयात होते, आणि त्यांस या मुलीचा आधार होता. ते १९८० च्या सप्टेंबरात निवर्तले.

श्रोतेहो, आपल्याकडे पहिलटकरीण बाळंतपणासाठी माहेरी येते. सासर कितीही चांगले असो, पहिल्या खेपेस आईच्या हातचे खावे, ओळखीच्या माणसांत असावे, स्वतःच्या भाषेत कण्हावे, यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण आहे. ब्रिटनच्या गृहखात्याचे म्हणणे याच्या नेमके उलट होते: नवरा हवा असेल तर नवऱ्याच्या देशी जा. आपण पूर्वेकडील लोक स्त्रीला सासरी धाडतो म्हणून पाश्चात्त्य ग्रंथकार आपणांस नावे ठेवीत आले. पण नीट पाहिले तर १९८० चा ब्रिटिश नियम म्हणजे सासरी जाण्याची सक्तीच होय. पुरुषाचे घर ते घर, त्याच्यामागे बायकोने यावयाचे. स्त्रीचे घर हे घरच नव्हे, तिच्याकडे नवऱ्याने येऊन राहणे हा अपवाद. आपल्या रूढीला निदान माहेरपणाची पळवाट आहे. त्या नियमाला तीही नव्हती.

आणखी एक विसंगती अशी की, १९४८ च्या नागरिकत्वाच्या कायद्याप्रमाणे त्या वेळी ब्रिटनच्या भूमीवर जन्मलेले मूल सामान्यतः जन्मानेच नागरिक ठरत असे. अशा घरात आई कोणत्याच देशाची नाही, बाप पोर्तुगालचा, आणि पाळण्यातले मूल ब्रिटनचे! ज्या भूमीवरील जन्मावाचून आईचा अर्ज अडला, तोच जन्म मुलापाशी होता; पण मुलाच्या जन्माने बापाचा अर्ज सुटत नव्हता.

ब्रिटनमधील सर्व दरवाजे लागल्यावर एकच दरवाजा उरला होता. मानवी हक्कांचा युरोपीय करारनामा १९५० साली झाला होता, आणि कोणाही व्यक्तीने आपल्या सरकारविरुद्ध त्याखाली तक्रार करावी यास ब्रिटनने १९६६ साली मान्यता दिली होती. श्रीमती अब्दुलअझीझ यांनी १९८० च्या डिसेंबरातच, म्हणजे देशातील अपिलाचा निकाल लागण्यापूर्वीच, स्ट्रासबर्ग येथील आयोगाकडे अर्ज पाठवून ठेविला होता. पुढे दोन स्त्रियांचे अर्ज त्यास जोडले गेले. एक श्रीमती काबालेस, मूळच्या फिलिपाइन्सच्या, १९६७ पासून ब्रिटनमध्ये असलेल्या. त्यांच्या नवऱ्यास येऊच दिले नव्हते. दुसऱ्या श्रीमती बाल्कंदाली, इजिप्तमध्ये जन्मलेल्या, स्वतः नागरिक असलेल्या. त्यांचे पती तुर्की. तिघींच्या भाषा, तिघींचे देश निरनिराळे, पण नकाराचे कारण एकच. ११ मे १९८२ रोजी आयोगाने हे अर्ज विचारार्थ स्वीकारले. म्हणजे श्रीमती अब्दुलअझीझ यांचे बाळंतपण तेव्हा सुमारे पाच महिन्यांवर आले होते. सरकारने पुढे नवऱ्यास घालवून देण्याचा विचार तूर्त लांबणीवर टाकला. अर्जाचा एवढा उपयोग तर ताबडतोब झाला: निकाल लागेपर्यंत घर मोडले नाही.

निकाल लागला २८ मे १९८५ रोजी. त्याचे दोन भाग नीट समजून घेतले पाहिजेत, कारण त्यांपैकी एकाचीच प्रसिद्धी अधिक झाली.

पहिला भाग स्त्रियांच्या विरुद्ध गेला. कौटुंबिक जीवनाचा आदर करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, परंतु बिऱ्हाड कोणत्या देशात थाटावयाचे ही निवड जोडप्याने करावी आणि सरकारने ती निमूटपणे मान्य करावी, इतका त्या कर्तव्याचा विस्तार नाही, असे न्यायालय म्हणाले. लग्न करतेवेळी नवऱ्याच्या वास्तव्याची शाश्वती नाही हे तुम्हांस ठाऊक होते. नवऱ्याच्या देशी राहण्यास अडथळे होते हे तुम्ही दाखविले नाही. तात्पर्य, पोर्तुगालात जा म्हणणे हे आदराचा भंग करणे नव्हे.

दुसरा भाग स्त्रियांच्या बाजूने गेला, आणि तो एकमताने. सरकारचे म्हणणे असे होते की, परदेशी नवरे आले तर ते नोकऱ्या मागतील आणि बेकारी वाढेल. बायका तेवढ्या प्रमाणात मागत नाहीत. आकडे दिले गेले ते असे: कामाच्या वयाच्या पुरुषांपैकी शेकडा ९० अर्थार्जनाच्या क्षेत्रात, आणि स्त्रियांपैकी शेकडा ६३. न्यायालयाने हा फरक पाहिला आणि म्हटले की, स्त्रीपुरुषांना असे वेगळे वागविण्याजोगा तो मोठा नाही. ब्रिटनने लिंगभेद केला आहे. शिवाय या तक्रारीचे निवारण करील अशी सोयही ब्रिटनच्या कायद्यात नव्हती. तोही करारनाम्याचा भंग. वंशभेद झाला हे म्हणणे मात्र न्यायालयाने मान्य केले नाही, आणि मनस्तापाबद्दल वेगळी भरपाई दिली नाही; दोष झाल्याचा निर्णय हीच पुरेशी भरपाई मानली.

आता यापुढील इतिहास ऐका. कारण खरा धडा तेथे आहे. भेद नाहीसा करण्याचे दोन मार्ग असतात. ज्यास कमी मिळते त्यास अधिक द्यावे, किंवा ज्यास अधिक मिळते त्याचे काढून घ्यावे. निकालास तीन महिने होतात न होतात तोच, १९८५ च्या ऑगस्टात, ब्रिटनने नियम बदलले. स्थायिक स्त्रीला नवरा आणण्याचा हक्क मिळाला हे खरे; पण नवऱ्यांसाठी जी चाळणी होती ती आता बायकांनाही लावण्यात आली. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नव्हता, हे अर्जदाराने सिद्ध करावयाचे होते. जे मनात नव्हते ते नव्हते म्हणून सिद्ध करावयाचे! ही अट तोवर नवऱ्यांना होती, आता बायकांनाही झाली. बरीच वर्षे अगोदर स्थायिक झालेल्या राष्ट्रकुलातील पुरुषांना बायका आणण्याचा जो जुना हक्क १९७१ च्या कायद्याने राखून ठेविला होता, तोही १९८८ साली काढून घेण्यात आला. मुख्य हेतूची ती अट १९९७ च्या जूनपर्यंत टिकली. अशा रीतीने स्त्रिया जिंकल्या आणि त्यांच्याच घरातील भावांच्या बायका अडकल्या. समानता आली, पण ती पंक्तीला सर्वांना पोटभर वाढून नव्हे. सर्वांच्याच पानातील एकेक पोळी कमी करून.

तरीही त्या स्त्रियांचे श्रम वाया गेले असे मी म्हणणार नाही. त्यांपैकी एकीचा, श्रीमती बाल्कंदालींचा प्रश्न निकालापूर्वीच सुटला होता. कारण खटला चालू असताना, १९८३ साली, ब्रिटनने जन्माची अट सोडून नागरिक स्त्रियांना नवरा आणण्याची मुभा दिली. स्थलांतराच्या नियमांनाही मानवी हक्कांची कसोटी लागते, हे तत्त्व या खटल्याने प्रस्थापित केले; आज युरोपातील कोणत्याही देशात पतिपत्नींच्या ताटातुटीचा खटला उभा राहिला की या तिघींच्या नावाने झालेल्या निकालाचा आधार घेतला जातो. आपल्याच देशात दाद मिळण्याची जी सोय नव्हती, तीही १९९८ च्या मानवी हक्कांच्या कायद्याने झाली. तो २००० च्या ऑक्टोबरात अमलात आला.

एक योगायोगही सांगण्यासारखा आहे. निकालानंतर पंधरा दिवसांनी, १२ जून १९८५ रोजी, पोर्तुगालने युरोपीय समाईक बाजारात सामील होण्याच्या करारावर सही केली, आणि १ जानेवारी १९८६ पासून तो त्याचा सभासद झाला. कामगारांच्या संचारावरील बंधने उठावयास आणखी काही वर्षे लागली. पण पुढे गोवा-दमणचे हजारो लोक पोर्तुगीज पारपत्राच्या बळावर ब्रिटनमध्ये आले आणि स्विंडनसारख्या गावांत त्यांनी वस्ती केली. ज्या कागदाने १९८० साली एका नवऱ्यास तारले नाही, तोच कागद पुढे शेकडो घरांची किल्ली झाला. आणि ब्रिटन त्या संघातून बाहेर पडल्यावर ती किल्ली नव्याने येणारांना लागेनाशी झाली. कागदाची किंमत कागदात नसते, त्या दिवशीच्या नियमात असते.

आजची चाळणी निराळ्या जाळीची आहे. ती उत्पन्नाची. २०१२ च्या जुलैपासून ब्रिटनमध्ये पती वा पत्नीस आणणाराचे वर्षाचे उत्पन्न निदान १८,६०० पौंड असले पाहिजे असे ठरले. २०२४ च्या एप्रिलात नव्या अर्जदारांसाठी ती रक्कम २९,००० करण्यात आली. २०१७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही अट मुळात बेकायदेशीर नाही असे म्हटले, परंतु मुलांच्या हिताचा विचार त्या नियमांत पुरेसा झालेला नाही, असाही ठपका ठेविला. १९८५ साली पाळण्यातल्या मुलाचे नाव तराजूत फारसे पडले नव्हते. २०१७ साली ते पडले. बत्तीस वर्षांत कायदा एवढे अंतर चालला.

या इतिहासातून आपल्या घरांनी घ्यावयाचे काय? नकार आला म्हणजे लग्नावर शिक्का बसला असे समजून खचू नये. नकार बहुधा नियमावर बेतलेला असतो, तुमच्या संसाराच्या खरेखोटेपणावर नव्हे. आपला अर्ज कोणत्या नियमाखाली आणि कोणत्या तारखेस गेला, हे प्रथम पाहावे. तीन महिन्यांनी काय होते ते आपण ऐकले. नकाराचे कारण लेखी मागावे, अपिलाची मुदत चुकवू नये, आणि खालची दारे ठोठावीत असतानाच वरच्या दाराची चौकशी करून ठेवावी. गर्भवती मुलीच्या बाबतीत तर वैद्याचा दाखला, घरच्यांचा आधार, परक्या देशातील भाषेची अडचण, हे सारे पहिल्याच अर्जात मांडावे. कारण जे कागदावर नसते, ते न्यायालयास दिसत नाही. ‘अडथळे दाखविले नाहीत’ हे न्यायालयाचे शब्द त्या तिघींना किती महाग पडले!

आणि एक गोष्ट आपण सर्वांनीच स्वतःस विचारावी. स्त्रीचे घर कोणते, हा प्रश्न फक्त ब्रिटनच्या गृहखात्याने विचारलेला नाही. आपणही तो शतकानुशतके विचारीत आलो आहोत, आणि उत्तर बहुधा तेच देत आलो आहोत. जावई मांजरीस येऊन राहिला तर सरकार हरकत घेत नाही; हरकत घेतो तो आपण. त्या बाईने स्ट्रासबर्गपर्यंत जाऊन एवढेच मागितले होते की, जेथे माझी माणसे आहेत, जेथे मी जगते आहे, ते माझेही घर समजा आणि माझ्या माणसाला तेथे राहू द्या. निकाल वाचून दाखविला गेला तेव्हा तिचे मूल अडीच वर्षांचे झाले होते. बाप घरात होता, आणि कामावर जाऊन संध्याकाळी परत येत होता.